शॉकअपची स्प्रिंग आणि बसप्पाचा जबडा

हा लेख मी हौसेनं लिहीत नाहीये. मोहोळला राहणाऱ्या एका माणसानं तशी अट घातली म्हणून लिहितोय. तीसेक वर्षांपूर्वी कॉफीच्या मशीनच्या दांड्यानं त्याचा जबडा मोडला. जबडा सांधला गेला, जरा वाकडा का होईना. नाव मोडलं ते मात्र मोडलंच. सोलापुरातली आमची सगळी पेठ त्याला ‘विसरभोळा’ म्हणू लागली. तो काहीही विसरलेला नव्हता हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे मी, शिवानंद मिस्त्री. आता तोंड उघडायचं ठरवलंच आहे तर सुरुवातीपासून सांगतो.

माझा धंदा वाफेचा. मिलच्या बॉयलरवर शिकलो. मिल बंद पडली तेव्हा कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावची गाडी टाकली. मला वाफेशिवाय दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी वाफ घेऊन हॉटेलांत शिरलो. इडलीचे स्टीमर, दुधाचे बॉयलर आणि कॉफीची मशीनं. लोकांना वाटतं, कॉफीच्या मशीनचा मिस्त्री म्हणजे फार नाजूक काम. कसलं डोंबलाचं नाजूक! निम्मं आयुष्य बॉयलरच्या आतला क्षार खरवडण्यात गेलं. सोलापूरचं पाणी एक तर चार-पाच दिवसांनी येतं, आणि येताना निम्मा डोंगर बरोबर घेऊन येतं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी एक्स्प्रेसो कॉफी पहिल्यांदा लग्नात प्यायली असणार. पितळेचा चकचकीत डेरा, फुस्स करून वाफ, कपात फेस आणि वरून चॉकलेटच्या पावडरची चिमूट. त्या मशीनची मी शेकड्यानं दुरुस्ती केली, तेव्हा आता सांगून टाकतो. ती एक्स्प्रेसो नव्हेच. बाटलीतली कॉफी पावडर आणि वाफेनं तापवलेलं दूध, एवढाच तो खेळ. पण वऱ्हाडी मंडळी तिच्यापुढे अशी रांग लावायची की अक्षता टाकायला मांडवात माणूस शिल्लक राहायचा नाही.

खऱ्या एक्स्प्रेसोला दाब लागतो. जुन्या मशीनमध्ये हा दाब दांड्यानं यायचा. गोष्ट सोपी आहे, सांगतो. मुठीच्या गाळणीत बारीक दळलेली कॉफी दाबून भरायची, ती मशीनला खालून अडकवायची. मग दांडा खाली ओढायचा. आतली जाड स्प्रिंग दबते, दट्ट्या वर जातो, आणि दांडा पार तळाला गेला की बॉयलरचं गरम पाणी कॉफीवर येतं. मग दांडा सोडायचा. स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते, पाणी कॉफीतून दाबानं झिरपतं, आणि दांडा एखाद्या म्हाताऱ्यासारखा सावकाश उठत वर येतो. सावकाश का? तर कॉफी आणि पाणी त्याला अडवतात म्हणून. गाळणी रिकामी असेल तर अडवायला कुणी नाही. हात अर्ध्यावर सुटला तरी तेच, कारण पाणी अजून आलेलंच नसतं. मग तो दांडा म्हातारा राहत नाही. हे दोन्ही नीट ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

असं दोन दांड्यांचं इटालियन मशीन सोलापुरात आणलं मल्लिनाथअण्णांनी. पुण्याच्या कॅम्पातलं एक हॉटेल मोडीत निघालं, तिथून ते टेम्पोत घालून आणलं आणि आपल्या कॉफी हॉटेलात गल्ल्याशेजारी बसवलं. अण्णांचं घर अर्धं मराठीत बोलायचं, अर्धं कन्नडमध्ये, आणि राग आला की दोन्ही भाषांत. पहिल्या दिवशी एका बागायतदार गिऱ्हाइकानं ती इवलीशी काळी कॉफी समोर धरून विचारलं, “हे सँपल हाय का? पास झालं तर पुढचं येतंय व्हय?” दुसऱ्या दिवसापासून अण्णा त्यात दूध घालून मोठा पेला द्यायला लागले. इटलीचा प्रश्न सोलापुरात एका रात्रीत सुटला.

मशीनचे सुटे भाग कुठं मिळतात हे अण्णांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मुंबईला पत्र टाकलं तर महिन्यानं उत्तर यायचं, ‘माल नाही’. म्हणून दट्ट्याचं रबर गेलं तेव्हा मी बोअरच्या हापशात घालतात तो चामड्याचा वॉशर कापून बसवला. झकास बसला. कॉफीला चपलेचा थोडा वास यायचा, पण शुक्रवार पेठेतले एक निवृत्त हेडमास्तर रोज येऊन डोळे मिटून म्हणायचे, “अण्णा, या कॉफीला बॉडी आहे.” पुढे मी खरं रबर बसवलं तर मास्तरांनी हॉटेल सोडलं. म्हणाले, पूर्वीसारखी राहिली नाही. जाणकार गिऱ्हाईक कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

मशीनवर उभा असायचा बसप्पा. अक्कलकोटकडचा, तिशीचा, कमी बोलणारा. त्याचा हात बघण्यासारखा होता. कॉफी भरायची, लाकडी ठोकळ्यानं दाबायची आणि शेवटी अंगठ्यानं मधोमध एकदा टेकवून बघायची, कणकेचा उंडा बघतात तशी. ठसा उमटला तर कॉफी बरोबर, नाहीतर सगळी काढून पुन्हा भरायची. मी चिडवायचो, “बसप्पा, सही केल्याशिवाय कॉफी पास होत नाही वाटतं?” तो नुसता हसायचा. त्याचे दात तेव्हा सरळ होते.

गड्ड्याची जत्रा भरली, हॉटेलात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यात डाव्या दांड्याची स्प्रिंग तुटली. अण्णा म्हणाले, “मिस्त्री, जत्रा संपेपर्यंत कायपण कर.” कायपण कर म्हटल्यावर आमच्यासारख्याच्या अंगात येतं. मी भंगारवाल्याकडून एका मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग आणली. निळा रंग दिलेली. मापाला कापली, टोकं घासली, आत घातली. जराशी जड होती. जराशी म्हणजे किती, ते मी मोजलं नाही. अण्णांनी पाठ थोपटली, आणि मी दोन दिवस सगळ्या पेठेत सांगत फिरलो की इटलीवाल्यांना जमलं नसतं ते शिवानंदनं केलं. खोटं नव्हतं ते. इटलीवाल्यांनी असलं काही केलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी बसप्पा म्हणाला, “मिस्त्री, डावा दांडा लई जड झालाय बगा. हात घसरतुय.”

मी म्हणालो, “दूध पीत जा.”

दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा चार गिऱ्हाइकं ऐकत होती, म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हणालो, “दांडा जड नाही झाला, तू हलका झालास.” लोक हसले. मला बरं वाटलं. माणसाला चारचौघांत बरं वाटलं की समजावं, कुणाचं तरी वाईट होणार आहे.

ते त्याच दिवशी दुपारी झालं. मी गल्ल्यापाशी अण्णांशी बोलत उभा होतो. फटाका फुटावा तसा आवाज झाला. बसप्पा खाली बसला होता, दोन्ही हातांनी तोंड धरून, आणि बोटांतून रक्त. अण्णा त्याच्याकडे धावले. मी मशीनकडे धावलो. मिस्त्रीची सवय, दुसरं काय.

डाव्या बाजूची गाळणी मी सोडवली. आत कॉफी होती. शिगोशीग, दाबून भरलेली, पूर्ण कोरडी. आणि मधोमध बसप्पाच्या अंगठ्याचा ठसा.

एका क्षणात सगळं समजलं. कॉफी भरलेली होती, म्हणजे त्याची चूक नव्हती. कोरडी होती, म्हणजे पाणी यायच्या आत अर्ध्यावरच त्याचा हात सुटला. आणि हात सुटला तो माझ्या स्प्रिंगमुळे. मागून अण्णांचा आवाज आला, “याको, मिस्त्री? का झालं हे?” मी गाळणी कचऱ्याच्या डब्यावर उलटी करून ठोकली. एकदाच. मग रिकामी गाळणी अण्णांपुढे धरली आणि म्हणालो, “कॉफी भरायला विसरला.”

तीन शब्द. तीस वर्षं टिकले. माझ्या हातचं दुसरं कुठलंच काम एवढं टिकलेलं नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो बसप्पाला खरोखरच बसला. डॉक्टरांनी त्याचा जबडा तारांनी बांधून टाकला. महिना-दीड महिना तो नळीनं पेज प्यायचा आणि बोलायचं म्हटलं तर नुसतं ‘ऊं ऊं’. तोवर पेठेत निकाल लागून गेला होता. तारा निघाल्यावर तो अण्णांना एवढंच म्हणाला, “मला वाटतंय मी भरली हुती.” अण्णा म्हणाले, “मिस्त्रीनं डोळ्यांनी बघितलं, बा.” बसप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी पान्यानं एक नट आवळत होतो. तो नट आधीच आवळलेला होता.

पुढचं ऐका, म्हणजे माझी थोरवी कळेल. मी अण्णांना म्हणालो, विसराळू माणसांच्या हातात दांडा देणं बरं नव्हे, काढून टाकू. दोन्ही दांडे काढले, विजेच्या मोटारीचा पंप बसवला, वर बटण दिलं. बटण दाबा, कॉफी घ्या. हॉटेलच्या वर्धापनदिनी अण्णांनी माझा सत्कार केला, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी झटणारा कारागीर म्हणून. शाल, श्रीफळ. शाल मी कधी अंगावर घेतली नाही, हे मात्र खरं. बसप्पाला मशीनवरून काढून कपबशा विसळायला ठेवलं होतं. सत्काराच्या दिवशीच्या कपबशाही त्यानंच विसळल्या. वर्षभरात तो अकलूजकडे एका साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये निघून गेला.

दांडे आणि दोन्ही स्प्रिंगा मी तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून वर्कशॉपच्या माळ्यावर टाकल्या. भंगारात घालायला हात धजला नाही.

मधल्या वर्षांत कॉफीची मशीनं कुठल्या कुठं गेली. आधी एक बटण होतं, मग चार झाली. पुढे बँकेत आणि दवाखान्यात चार बटणांची पेटी आली. कुठलंही बटण दाबा, तोच गरम गोड रंग पडतो. टोमॅटो सूपचं बटण दाबलं तरी मागे कॉफीचा वास असतो. मग दाणे स्वतःच दळणारी, स्वतःच भरणारी, स्वतःच स्वतःला धुणारी मशीनं आली. मी म्हटलं, चला, आता माणसाचा हातच लागत नाही, जबडे वाचले.

आणि आता दांडा परत आलाय! हौसेनं, लाडानं, मखरात बसून. यूट्यूबवर बघा. छोटंसं हातातलं यंत्र, त्याला दांडा. आत मोटार नाही, बॉयलर नाही, काही नाही. पाणी तुम्ही तापवायचं, ओतायचं, दाबही तुमच्याच दंडानं द्यायचा. वर दाब दाखवायला घड्याळ, खाली कप ठेवायला सोनाराचा असावा तसा काटा. आम्ही पोटासाठी करायचो तेव्हा त्याला ‘कष्टाचं काम’ म्हणायचे, आता त्याला ‘अनुभव’ म्हणतात.

गेल्या वर्षी अण्णांची नात सौम्या वर्कशॉपमध्ये आली. अण्णा जाऊन सात-आठ वर्षं झाली. ती बेंगळुरूला शिकून आलेली, आजोबांच्या जागी कॅफे काढत होती. म्हणाली, “काका, आजोबांचं मशीन माळ्यावर सापडलं. त्याचं बटण काढून मला दांडे परत लावून हवेत.”

“मी आयुष्यभर दांडे काढले,” मी म्हणालो. “आणि तुला परत कशाला?”

“फील येतो, काका.”

“फील एकदा आला होता. टाके घालावे लागले.”

ती खळखळून हसली. “ते बसप्पाकाकांचं ना? आजोबा कायम सांगायचे ती गोष्ट. अहो, मी तर मेन्यूत पण घेतलंय.” आणि मोबाईलवर मेन्यू दाखवला. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, ‘द फर्गेटफुल बसप्पा’. खाली बारीक अक्षरात त्याची गोष्ट, आणि बाजूला चित्र. गालाला फडकं बांधलेला एक येडबंबू माणूस.

“ही कसली कॉफी?” मी विचारलं.

“यात कॉफीच नाहीये!” ती टाळी वाजवून म्हणाली. “नुसतं गरम दूध. लहान मुलांसाठी. कॉफी घालायला विसरला ना!”

दूध पीत जा. हे त्याला मीच म्हणालो होतो. मी मोबाईल पालथा करून तिच्या हातात परत दिला; तिला वाटलं, वय झालं, दिसत नाही.

तरी मी लगेच बोललो नाही बरं का. एवढा चांगला माणूस मी नाही. डबा खाली काढला, दांडे घासले, गप्प काम करत राहिलो. नव्या स्प्रिंगा तिनं मोबाईलवर बोट टेकवून इटलीहून मागवल्या, दहा दिवसांत दारात. दहा दिवस! त्या वेळी मिळाल्या असत्या तर, असं म्हणायला किती सोपं आहे. पण एक तपासणी मीही करू शकलो असतो. दांडा स्वतः एकदा ओढून बघायचा. ती मी केली नव्हती.

नव्या स्प्रिंगा आल्या त्या दिवशी सौम्यानं डब्यातल्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा हातात घेतल्या. एक राखाडी, एक निळी. “काका, या दोन वेगळ्या का आहेत? आणि ही निळी किती जाड आहे!” मग तिनं ती दोन्ही हातांत धरून दाबून बघितली. तसूभर दबली नाही.

मेन्यू दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होता. आज गप्प बसलो तर बसप्पाची फजिती रोज टेबलाटेबलावर वाढली जाणार, आणि पोरंटोरं ती दुधाबरोबर पिणार. मी सांगितलं. ठशासकट सगळं सांगितलं.

तिनं निळी स्प्रिंग डब्यात परत ठेवली. मला वाटलं रागावेल. तिनं मोबाईल काढून ते नाव मेन्यूतून उडवलं आणि एवढंच विचारलं, “त्यांना माहितीये?”

“नाही.”

“मग मला काय सांगताय?”

दुसऱ्या दिवशी एसटीनं मोहोळला गेलो. बसप्पा तिथं मुलाकडे राहतो हे मला ठाऊक होतं. किती वर्षांपासून ठाऊक होतं, ते विचारू नका. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे, हनुवटी डावीकडे सरकलेली. मला ओळखून म्हणाला, “या मिस्त्री, या की.” आत घेतलं, दाराला कडी घातली. दोन पावलं गेला, वळून परत आला, कडी हलवून बघितली. आणखी एकदा वळला, पुन्हा बघितली.

त्याची बायको गंगव्वा म्हणाली, “ह्यांचं असंच हाय. कडी दहादा, नळ दहादा. त्या अपघातापास्नं ह्यांचा सोतावर भरवसाच न्हाय. गॅसला तर मी हातच लावू देत न्हाय.”

बसप्पा कसनुसा हसला. “इसरतो मी,” म्हणाला. “तुमाला तर ठावंच हाय.”

मी तीस वर्षं धरून चाललो होतो की त्याला खरं ठाऊक असणार आणि तो मला मनातल्या मनात शिव्या देत असणार. त्या शिव्यांची मला सवय झाली होती. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी जमिनीकडे बघत सांगितलं. स्प्रिंग, गाळणी, कचऱ्याचा डबा.

बसप्पा माझ्यासमोर येऊन बसला. मग तो म्हणाला, “म्हंजे कॉफी हुती?”

“होती. दाबून भरलेली. वर तुझा अंगठा होता.”

“मी इसरलो नव्हतो?”

“नाही.”

त्यानं आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. “गंगव्वा, हिकडं बस,” म्हणाला. “मिस्त्री, परत सांगा. मोठ्यानं.” मी परत सांगितलं. “आता ल्योक आला की त्यालाबी सांगायचं. आन् कागदावर लिवायचं. छापून आणायचं, सोलापुरातल्या मानसांनी वाचलं पायजे. जमंल?”

“जमेल,” मी म्हणालो. हात जोडून म्हणालो, “बसप्पा, मला माफ—”

“थांबा,” तो म्हणाला. “कॉफी घ्या आदी.”

तो उठला तशी गंगव्वाही सवयीनं उठली. “खाली बस तू,” तो म्हणाला, आणि आत गेला. गॅस पेटल्याचा आवाज आला. आम्ही दोघं ऐकत बसलो. थोड्या वेळानं गॅस बंद झाल्याचा आवाज आला. तो परत बघायला वळतो की काय, म्हणून आम्ही कान दिला. तो वळला नाही. तीन कप घेऊन बाहेर आला आणि आमच्यापुढे ठेवले.

मी घोट घेतला. कडू जहर. माझा चेहरा बघून गंगव्वानं स्वतःच्या कपातला घोट घेतला, मग शंका येऊन माझ्या कपातला थेंब बोटावर घेऊन चाखला आणि कपाळाला हात लावला. “अवो, माजी गोड हाय. मिस्त्रींच्या कपात साखर घालायची इसरला की वो तुमी!”

बसप्पा माझ्याकडे बघत होता. वाकडा जबडा, पण नजर अगदी सरळ.

“इसरलो न्हाय,” तो म्हणाला. “घातली न्हाय.”